वाढलं का सगळ्याइले?

मोबाइलवर एखादं अ‍ॅप उघडलं की मधोमध एक गोल चक्र फिरायला लागतं. बाकीचे लोक तेवढ्या वेळात कंटाळतात, जांभया देतात, नेटवर्कच्या नावानं बोटं मोडतात. मला मात्र दिगंबर टेकाडे आठवतात. चक्र जरा जास्तच फिरत राहिलं तर ते डोळ्यांसमोर येऊन उभेच राहतात. चष्मा कपाळावर, हात पाठीमागे, कमरेतून किंचित वाकलेले, आणि तोंडात तो एकच प्रश्न, "वाढलं का सगळ्याइले?"

दिगूभाऊ आमच्या अमरावतीच्या ऑफिसातले. ऑफिस म्हणजे एका कोचिंग क्लासच्या डोक्यावरचा मजला. खाली पोरं सूत्रं घोकत आणि वर आम्ही संत्र्याचं अ‍ॅप घडवत असू. वरूडकडच्या बागाईतदारानं बांधावर बसल्या बसल्या आजचा भाव बघावा, हवामान बघावं, माल न्यायला गाडी मिळते का ते बघावं आणि आपल्या मालाची नोंद करावी, असा तो चार स्क्रीनचा संसार होता. दिगूभाऊ पूर्वी टायपिंग शिकवत, मग कॉम्प्युटर शिकवायला लागले आणि शिकवता शिकवता स्वतःच प्रोग्राम लिहायला शिकले. याहून जास्त चरित्र मला ठाऊक नाही. वयानं ते आम्हा सगळ्यांत मोठे, त्यामुळे आमचे मालक मंगेश सरसुद्धा त्यांना 'भाऊ' म्हणत. एकदा भाऊ म्हटल्यावर मालकासारखं रागवायची सोय उरत नाही, हे सरांच्या फार उशिरा लक्षात आलं.

दिगूभाऊंना एकच खोड होती. सगळे आल्याशिवाय ते काहीही सुरू करू देत नसत. दुपारचा चहा यायचा, कप वाटले जायचे, आणि कोणी ओठाला लावणार तेवढ्यात दिगूभाऊ खुर्चीतून उठून पाहणी करायचे. कोणी फोनवर बोलत गॅलरीत गेलेला असायचा, कोणी खाली सुपारी आणायला. तो येईपर्यंत चहावर साय धरायची. मी एकदा चोरून घोट घेतला, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तो घोट मी परत कपात सोडायचाच बाकी राहिला होता. "शुभांगी, बाप्पा, पळून चालला का तुहा चाय?" एवढंच म्हणाले, पण मला ठसका लागला.

बसमध्ये ते सगळ्यांच्या शेवटी चढत. सिग्नल हिरवा झाला की आजूबाजूचे सगळे निघाले का ते बघत, तोवर तो पुन्हा लाल होई. त्यांच्या स्कूटरमागे अडकलेल्या ऑटोवाल्यांनी त्यांच्या खानदानाचा जो उद्धार केला असेल, तो त्यांनी शांतपणे ऐकून घेतला असेल, आणि सगळे बोलून झाले याची खात्री करूनच पुढे निघाले असतील.

ही खोड वडिलोपार्जित होती. त्यांचं गाव नांदगाव खंडेश्वरजवळचं. त्यांचे वडील तात्या हे त्या पंचक्रोशीतले पंगतीचे मानकरी. म्हणजे स्वयंपाक करणारे वेगळे, वाढणारे वेगळे. तात्यांचं काम एकच. दोन ओळींच्या मधून हात पाठीमागे बांधून, वाकून, एकेक पत्रावळ बघत जायचं. कोणाला मीठ राहिलं, कोणाचा द्रोण कोरडा आहे, कोणाला बुंदी पोचली नाही. शेवटची पत्रावळ भरली की ते ओळीच्या टोकाला उभे राहून 'पुंडलिकवरदा' पुकारत, आणि मगच लोक घास उचलत. तात्यांनी पुकारल्याशिवाय जेवलेला माणूस त्या गावात झाला नाही, असं दिगूभाऊ सांगत. तात्या गेल्यावर तो मान दिगूभाऊंकडे आला.

आणि त्यांच्या हातून एकदाच चूक झाली. त्या चुकीचं नाव पद्माकर. पद्माकर हा त्यांचा धाकटा भाऊ, अकोल्याला असतो, पंखे आणि मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान चालवतो. आईच्या तेरवीपासून तो दिगूभाऊंच्या घरी जेवलेला नव्हता. बोलतही नव्हता. घरात काहीही कार्य असलं की दिगूभाऊ त्याला मोबाइलवर निरोप पाठवत. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच उमटत, पण उत्तर म्हणून कधी येत नसे. त्या निळ्या खुणा ते आम्हाला दाखवत, कौतुकानं. "वाचते पाह्य तो. वाचते मातर बरोबर." या माणसाला आयुष्यात दुसरं काही नको होतं. पद्मानं एकदा येऊन आपल्या घरी जेवावं, बस्स.

हे सगळं आम्हाला कळलं ते त्या अ‍ॅपमुळे. सुरुवातीला मंगेश सरांनी चक्राचा सोपा हिशेब ठेवला होता. अ‍ॅप उघडलं की थोडा वेळ चक्र फिरवायचं आणि काढून टाकायचं. ऑफिसच्या वायफायवर तेवढ्यात चारही स्क्रीन भरून जायच्या, त्यामुळे आम्ही खूष. वरूडच्या बागेत मात्र नेटवर्क झाडाच्या शेंड्यावर असायचं. तिथे चक्र निघून जाई आणि खाली अर्धवट स्क्रीन उघड्या पडत. हवामान आलेलं, गाड्या आलेल्या, आणि भावाच्या जागी नुसतं शून्य. एका बागाईतदारानं सरांना फोन करून विचारलं, "साहेब, संत्रं फुकट वाटून राहिले का तुमी?"

सरांनी सगळ्यांना बोलावलं. दिगूभाऊ मागे उभे होते. म्हणाले, "सर, वाढायच्या आधीच पुकारून राहिलो ना आपन."

मग त्यांनी ते काम स्वतःकडे घेतलं. त्यांची रीत अगदी पंगतीची. चारही स्क्रीननी आपापला माल आला की स्वतः ओरडून सांगायचं, 'माहं झालं'. मध्ये एक मोजणारा ठेवला. चौघांचं ओरडून झालं की तो पुकारणार, आणि तेव्हाच चक्र निघणार. वेळेचा काही संबंध नाही. ज्या भागात ही मोजणी होती त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'वाढलं का', आणि शेवटी पुकारणाऱ्याचं नाव 'पुंडलिक'. पुढे आमच्याकडे पुण्याचा एक इंजिनियर काही दिवस होता. तो बिचारा हा पुंडलिक कोणत्या डिपार्टमेंटला आहे ते विचारत ऑफिसभर फिरला होता.

पद्धत झकास चालली. इतकी झकास की मंगेश सरांनी वरूडच्या व्यापाऱ्यांना बोलावून एका पॅकिंगच्या शेडमध्ये ती दाखवायचं ठरवलं. आम्ही गेलो. खोक्यांवर सतरंजी टाकलेली, व्यापारी मांडी ठोकून बसलेले, मधे संत्र्यांची टोपली. दिगूभाऊंनी मोबाइल भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला आणि अ‍ॅप उघडलं. चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. एकेकाचं संत्रं सोलून झालं, खाऊन झालं, सालींचा ढीग झाला, चक्र आपलं फिरतंय.

एक म्हातारे व्यापारी म्हणाले, "चांगलं फिरते बाप्पा. यावर ऊस टाकला त रस निघन का?"

सगळी शेड हसली. मंगेश सरांचा चेहरा संत्र्यासारखा झाला होता. दिगूभाऊ मात्र कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी त्या म्हाताऱ्यांनाच विचारलं, "काका, आज मार्केट हाय का?"

"आज अमावस्या हाय ना. बंद हाय."

झालं. मार्केट बंद म्हणून भाव नाही, भाव नाही म्हणून ती स्क्रीन रिकामी, आणि रिकामी स्क्रीन ओरडेल कशाला? आपल्याला वाढलंच नाही म्हणून ती मुकाट बसून होती आणि तिच्यापायी तिघी भरलेल्या स्क्रीन उपाशी. परतताना गाडीत दिगूभाऊ खिडकीतून बघत होते, आणि मोर्शी मागे पडल्यावर एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "उपासाचा मानूस!"

तात्यांच्या पंगतीत एखादा उपासाचा माणूस बसायचाच. त्याची पत्रावळ कोरडी. तात्या तिच्यापुढे थांबून विचारायचे, 'तुमचं काय, पाटील?' तो म्हणायचा, 'माहा उपास हाय.' तात्या मान हलवून पुढे जायचे. त्याला वाढलं नाही, पण त्याचं झालं. "मंग मी त्याले मोजलंच नाही ना, शुभांगी! 'नाही' म्हनलं तरी ते उत्तरच हाय. चालते. मानसानं काहीतरी बोललं पाह्यजे फक्त." दुसऱ्या दिवसापासून रिकामी स्क्रीनही ओरडायला लागली, 'माह्याकडं आज काही नाही, चालू द्या.' आणि अमावस्येलाही अ‍ॅप सुरळीत उघडायला लागलं.

आता राहिली ती गप्प बसणारी. स्क्रीन भरली तर सांगते, रिकामी असली तर सांगते. पण पलीकडून काहीच उत्तर आलं नाही, हो नाही आणि नाहीही नाही, तर? सर म्हणाले, त्यात काय, थोडी वाट बघायची आणि नाही आली तर तिला सोडून चक्र काढायचं. सगळ्या जगात असंच करतात. फार तर एका ओळीचं काम.

ती एक ओळ दिगूभाऊ लिहीनात. आज लिहितो, उद्या लिहितो. सरांनी एकदा आवाज चढवायचा प्रयत्न केला, पण मधे 'भाऊ' आलं आणि आवाज खाली बसला. शेवटी सरांनी मला पाठवलं. मी चहाचा कप घेऊन, सगळ्यांना चहा मिळाल्याची खात्री करून, त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "भाऊ, का अडवून धरलंय? एका ओळीसाठी?"

त्यांनी बोटानं कपातली साय बाजूला सारली. मग म्हणाले, "ते ओळ मी एकडाव लिवली हाय ना बाप्पा."

आईच्या तेरवीच्या दिवशी पद्माकर अकोल्याहून मामांना घेऊन यायचा होता. मामांचे पाय गेलेले, त्यांना आणणं म्हणजे सोपं काम नव्हतं. इकडे पत्रावळी वाढून झाल्या. ऊन डोक्यावर आलं. लोक चुळबुळ करायला लागले, कोणाला बस गाठायची होती, कोणाला शेतात जायचं होतं. पद्माकरचा फोन लागेना. गावातली चार मोठी माणसं म्हणाली, 'दिगू, किती वेळ थांबतं? पुकार.' आणि दिगूभाऊंनी पुकारलं. लोक हात धूत होते तेव्हा पद्माकर मामांना पाठीवर घेऊन अंगणात शिरला. बस मूर्तिजापूरला बंद पडली होती. त्यानं मामांना ओट्यावर बसवलं, उष्ट्या पत्रावळींच्या ओळींकडे पाहिलं आणि म्हणाला, 'माही माय नोयती का ते?' पाणीही न पिता उलट्या पावली गेला.

"त्याले काही झालं असन, कुठी अडकला असन, असं मनातच नाही आलं माह्या," दिगूभाऊ म्हणाले. "मले लोकाइची घाई झाली."

मला त्यांना चिडवायला नेहमी काहीतरी सुचतं. त्या दिवशी मी गार चहा गुपचूप पिऊन टाकला.

शेवटी त्यांनी ते काम केलं, पण आपल्या पद्धतीनं. गप्प बसलेल्या स्क्रीनला प्रोग्राम आधी पुन्हा विचारणार, 'काय झालं तुहं?' तरी गप्पच राहिली, तर बाकीच्यांना जेवू द्यायचं, पण तिच्या जागी शून्य दाखवायचं नाही. तिथे लिहून यायचं, 'अजून येत आहे'. आणि मागे विचारणं चालूच ठेवायचं. सर म्हणाले, एवढं कशाला? दिगूभाऊ म्हणाले, "सर, गप्प बसनाऱ्याले पुन्हा इचारा लागते. तो सोताहून नाही सांगत." ते अ‍ॅप वरूडकडे अजून वापरात आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यात संत्री पुन्हा कधी फुकट वाटली गेली नाहीत.

त्यानंतर दिगूभाऊंच्या मुलीला, रश्मीला, नोकरी लागली. त्यांच्या बायकोनं, म्हणजे नलूवहिनींनी, त्यासाठी रोडग्यांचा नवस बोलला होता. आमचं सगळं ऑफिस त्यांच्या गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात गेलं. चिंचेखाली गोवऱ्यांचा विस्तव केलेला आणि त्यात कणकेचे गोळे भाजणं चालू. भाजायला खुद्द दिगूभाऊ. एकीकडे वांग्याची भाजी रटरटत होती आणि तिच्या वासानं आमचे मंगेश सर देवदर्शनाला तीन वेळा जाऊन आले होते, कारण देऊळ चुलीच्या पलीकडे होतं. दिगूभाऊंचं लक्ष मात्र रोडग्यांवर कमी आणि रस्त्यावर जास्त. त्यामुळे बरेचसे रोडगे एका अंगानं पार काळे झाले.

पंगत बसली. रोडगे फुटले, तूप पडलं, वरण आलं, भाजी आली. ओळीच्या टोकाला एक पत्रावळ मोकळी मांडलेली होती. ती कोणाची हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. निरोप आठ दिवसांपूर्वी गेला होता, निळ्या खुणा आल्या होत्या, उत्तर नव्हतं. दिगूभाऊ राखेनं भरलेले हात पाठीमागे धरून ओळीतून एकदा फिरले. मग दुसऱ्यांदा फिरले. मीठ सगळ्यांना होतं. लिंबाची फोड सगळ्यांना होती. तरी तिसऱ्यांदा निघाले. वरण गार होत होतं. गावातले एक जण म्हणाले, "दिगू, पुकार ना आता." दिगूभाऊंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

तेव्हा नलूवहिनी भाजीचा चमचा हातात घेऊन उठल्या. "त्या मोबाइलातल्याले घडी घडी इचारता. सोताच्या भावाले कदी इचारलं का तुमी?"

"निरोप धाडला ना."

"निरोप धाडला! फोन करून इचारलं का, का बाप्पा, येतं का नाही येत?"

इतक्या वर्षांत दिगूभाऊंनी फोन केला नव्हता. 'नाही' ऐकायची भीती वाटत होती, दुसरं काय. वहिनींनी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला, आणि नवऱ्याचे हात राखेचे म्हणून स्वतःच त्यांच्या तोंडासमोर धरला. आवाज मोठा केलेला होता. पंगत कान टवकारून बसली.

"हॅलो," पलीकडून आवाज आला.

"पदू, मी बोलून राहिलो. दिगू."

पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. मग, "बोल."

"रश्मीचे रोडगे हायेत. पंगत बसली. तू येऊन राहिला का?"

"नाही."

दिगूभाऊंनी मान खाली घातली. "बरं," म्हणाले.

"माही वाट नोको पाहू. जेवा म्हना लोकाइले." फोन बंद झाला असं मला वाटलं, पण आवाज पुन्हा आला. "रोडगे कोनं भाजले?"

"मीनं."

"मंग करपले अस्तीन."

दिगूभाऊ मोबाइलवर आणखी वाकले. "करपले ना. लय करपले, पदू."

"मले वाटलंच," पद्माकर म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

दिगूभाऊंनी राखेच्या हातानं डोळे पुसले आणि सगळं तोंड काळं करून घेतलं. ओळीच्या टोकाला गेले, मोकळी पत्रावळ उचलून काखेत धरली आणि आम्हाला सांगितलं, "बोलला तो. झालं त्याचं." मग त्यांनी जे पुकारलं, ते ऐकून चिंचेवरचे बगळे उडाले. मंगेश सरांनी 'पुंडलि' एवढं ऐकूनच रोडगा तोंडात टाकला होता.

त्याच महिन्यात मी नोकरी बदलून नागपूरला आले. त्यामुळे दिगूभाऊ म्हटलं की मला ते दिसतात रोडग्यांच्या दुसऱ्या दिवशी, अमरावतीच्या बस स्टँडवर. मी ऑफिसला निघाले होते. हे फाटकाशी उभे, धुतलेला सदरा, हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा. नोकरीत पहिल्यांदाच न सांगता सुटी घेतली होती.

"अकोल्याले चाललो," मी विचारायच्या आधीच म्हणाले आणि डबा उघडून दाखवला. आत सगळे कोळशासारखे रोडगे.

"अहो भाऊ, चांगले होते की कितीतरी! हेच का घेतले?"

"त्यानं म्हटलं ना, करपले अस्तीन," दिगूभाऊ म्हणाले. "इतक्या वर्सानं बोलला. आता त्याले खोटा पाडू का?"

तेवढ्यात अकोल्याची गाडी लागली आणि दारात झुंबड उडाली. आता हे सगळ्यांना चढू देणार आणि शेवटी लटकत जाणार म्हणून मी स्कूटी सुरू केली. वळून पाहते तर डबा डोक्यावर धरून, कोपरानं माणसं बाजूला सारत दिगूभाऊ सगळ्यांच्या आधी आत घुसले होते. खिडकीशी बसून त्यांनी बाहेर डोकं काढलं. खाली कंडक्टर अजून माणसं घेत होता. त्याच्यावर ते ओरडले, "चला ना बाप्पा! कोनाची वाट पाहून राहिले?"